घे, टाक, हलव

अव्वा सगळ्या जगाला एकेरीत हाक मारत. डॉक्टर असो, वकील असो, नाहीतर दारात आलेला कासार असो, "ये, बस, पाणी पी" याच्या पलीकडे त्यांच्या तोंडून आदर बाहेर पडत नसे. एकदा माझ्या नवऱ्याचे साहेब जीप घेऊन आमच्याकडे आले. अव्वा ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी साहेबांना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "कुणाचा रं तू? जेवलास का?" साहेब आधी गोंधळले आणि मग चक्क जेवून गेले. आप्पांना, म्हणजे स्वतःच्या यजमानांना, मात्र त्या कशानंच हाक मारत नसत. जेवायला बोलवायचं झालं की ताटावर वाटी आपटत, आणि आप्पा बरोबर आत येत.

परभणीत मोंढ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो. मी पेडगावची, लग्न होऊन नुकतीच आलेली, नवरा सरकारी नोकरीत आणि महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर. आप्पांचं मोंढ्यात भुसाराचं दुकान. घर लिंगायताचं, त्यामुळे सकाळी लिंगपूजा होऊन नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणाच्या तोंडात घास जायचा नाही. साहजिकच अव्वांनी स्वयंपाक करताना कधी चव घेतली नाही. मीठ त्या वासावरून ओळखतात, असं गल्लीत सांगितलं जाई. मला त्यात फारसं तथ्य दिसलं नाही, कारण महिन्यातून एखादी आमटी सपशेल अळणी व्हायची. विचारलं तर म्हणत, "आज देवालाच पथ्य हाय, तू कोण लागून गेलीस?"

त्यांचा स्वयंपाक म्हणजे काही पंचपक्वान्नं नव्हती. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, वरणफळं, धपाटे, आणि सकाळच्या घाईला मुरमुऱ्यांचा सुशीला. पुरणपोळी त्यांना जमायची नाही. पोळी फुटायची आणि त्या पुरणालाच शिव्या घालायच्या. पण हिवाळ्यात येसर करायचं ठरलं, की गहू, डाळी, धणे भाजल्याचा वास मोंढ्यापर्यंत जाई आणि गल्लीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून येत. कुणी प्रमाण विचारलं की अव्वांचं उत्तर ठरलेलं. "अंदाजानं." मी एकदा हट्टानं वाटी घेऊन शेजारी बसले, तर म्हणाल्या, "वाटी भरून काय कळायलंय तुला? खाणारं तोंड कुणाचं हाय ते आधी बघ."

खाणारं एक तोंड मात्र त्या घरातून गेलेलं होतं. अव्वांची एकुलती एक मुलगी नंदा शाळेत शिकवत होती. तिथल्याच एका मास्तरांशी तिनं लग्न केलं. मुलगा शांत, सज्जन, सगळ्या गावानं वाखाणलेला. पण तो बौद्ध होता, आणि ते दिवस नामांतराचे होते. कोण कुणाकडे चहा प्यायलं, यावरूनसुद्धा तेव्हा गल्लीत डोळे फिरत. आप्पा ओरडले नाहीत की कुणावर धावून गेले नाहीत. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "या घरातून तिला कागद जायचा न्हाई, आन तिचा इथं यायचा न्हाई." कागद म्हणजे पत्र. नंदा पूर्णेला राहायला गेली. पूर्णा काही विलायतेत नाही. सकाळी गाडीत बसलं, की हातातल्या शेंगा संपायच्या आत येते. पण अव्वांनी आप्पांना शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द त्या मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. नंदाचं नाव त्या घरात निघेनासं झालं. अव्वा पहाटे मुरमुरे भिजवायला घेत आणि मध्येच ते परत डब्यात टाकून पिठाचा डबा ओढत. हे मी खिडकीतून पाहत असे आणि मला फार वाईट वाटे.

त्याच सुमारास आमच्या महिला मंडळानं घरगुती पाककृतींचं पुस्तक छापायचं ठरवलं. प्रत्येकीनं एक पदार्थ द्यायचा आणि खाली तिचं नाव. माझं अक्षर बरं, म्हणून लिहून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मग काय विचारता! ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं पिठलं-भाकरी शिजत होती, त्यांना एकदम पायनॅपल पुडिंग आठवलं. परभणीच्या बाजारात अननस कुणी पाहिलाही नव्हता. एकीनं कुकरमध्ये वाळू घालून केक कसा भाजायचा ते दिलं, दुसरीनं कटलेट दिले, तिसरीनं तेच कटलेट आकार बदलून दिले. नाव छापून येणार म्हटल्यावर घरचं साधं जेवण द्यायला सगळ्यांना लाज वाटत होती. आमच्या अध्यक्षबाई मूळच्या पुण्याच्या, स्वभावानं चांगल्या, पण भाषेच्या बाबतीत कडक. सर्व कृती 'घ्यावे, टाकावे, हलवावे' अशा लिहायच्या, हा त्यांचा दंडक होता.

अव्वा मंडळाच्या सभासद होत्या, पण सभेला कधी फिरकल्या नव्हत्या. एका दुपारी त्या आपण होऊन माझ्या खोलीत आल्या आणि खाली फतकल मारून बसल्या. "ते पुस्तक पूर्णेत मिळंल का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मिळणार नाही, पण मी पाठवू शकेन. मग म्हणाल्या, "कागद धाडणार न्हाई असं बोलले मी. पुस्तकाचं काई बोलले न्हाई. लिही." आणि त्यांनी सुशीला सांगितला.

मी सवयीनं 'मुरमुरे भिजवून घ्यावेत' असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. अव्वांनी कपाळाला हात लावला. "हे घ्यावं-टाकावं कोन बोलायलंय? सरकारी हुकूम हाय का? मी सांगायले तसं लिही. घे. टाक. हलव." मी म्हटलं, पुस्तकात असं कुणी लिहीत नाही. त्या जवळ सरकल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "पोरी, मी समद्यांनाच अरे-तुरे करते हे गावाला ठावं हाय. वाचनाऱ्याला वाटंल, म्हातारीला वळनच न्हाई. जिला कळायचं तिला कळंल." त्यांचा डाव माझ्या ध्यानात आला आणि मी मुकाट्यानं खोडून पुन्हा लिहिलं.

"मुरमुरे पाण्यात बुडव आणि लगेच काढून पीळ. इकडं-तिकडं बघत बसू नको, तुझा नेहमी लगदा होतो. तेल घे, मोहरी तडतडू दे, कांदा टाक. हिरव्या मिरच्या दोन, मोडून टाक. चिरू नको, मिरचीची बोटं तू डोळ्याला लावतीस. हळद टाक, मुरमुरे टाक, हलव. डाळव्याचं कूट वरून पेर. मीठ अंदाजानं. कोथिंबीर नसली तरी चालतंय. उपाशी शाळेत जाऊ नको."

सभेत हे वाचल्यावर अध्यक्षबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "या सुशीला कोण? आडनाव नाही लिहिलंत." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सुशीला हा पोह्यासारखा मुरमुऱ्यांचा पदार्थ आहे, बाई नव्हे, हे समजावून होईपर्यंत चहा आला. पण पुढचं वाचून त्या गंभीर झाल्या. "वाचकांना असं एकेरीत बोलता येत नाही. आणि ही शाळा कुठली? बोटं कोण डोळ्याला लावतंय? हे सगळं काढा." मी कागदाची घडी घातली. नंदाचं नाव काढायचा मला काय अधिकार?

हे मी घरी येऊन सांगितलं, तशा दुसऱ्या दिवशी अव्वा स्वतः अध्यक्षबाईंच्या बंगल्यावर गेल्या. मी मागोमाग. बाईंनी खुर्ची दिली, अव्वा खाली सतरंजीवरच बसल्या. "तुझी लेक हॉस्टेलात हाय म्हनं," अव्वा म्हणाल्या, "तिला कागद लिवतीस तवा काय लिवतीस? तब्येत सांभाळावी? येळेवर जेवावे?" परभणी तेव्हा एवढी मोठी नव्हती, नंदाची हकिकत अध्यक्षबाईंच्याही कानावर होतीच. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि मला म्हणाल्या, "राहू द्या तसंच. एक शब्द बदलू नका." येताना त्यांनी अव्वांना अननसाच्या डब्यातल्या दोन फोडी खायला दिल्या. अव्वांनी रस्त्यात मला विचारलं, हे असं कामून खातेत लोक?

आता भीती होती ती आप्पांची. अव्वांचा हिशेब असा, की आप्पा कशाला बायकांचं पुस्तक वाचतात? पण छापखाना मोंढ्यातच होता. तिथल्या मालकानं तपासायचे कागद माझ्यापर्यंत पोचवायला आप्पांच्याच हातात दिले. "तुमच्या घरच्या बाईंचं नाव छापून यायलंय, शेठ," असंही वर सांगितलं. आप्पा दुपारी जेवायला आले ते कागदांची गुंडाळी घेऊनच. मी तेव्हा विरजण मागायला स्वयंपाकघरात गेले होते. आप्पांनी पाटावर बसून चष्मा लावला आणि नाव शोधून वाचायला सुरुवात केली. अव्वांचा तव्यावरचा हात थांबला. भाकरी करपल्याचा वास आला, तरी कुणी हललं नाही.

"हे कुनाला सांगायलीस?" आप्पांनी विचारलं.

"वाचंल तिला," अव्वा म्हणाल्या.

आप्पांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग घडी करून मांडीखाली ठेवला आणि जेवले. आमटी, भाकरी, ताक, सगळं नेहमीसारखं. मला निघून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता. हात धुऊन आल्यावर त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मिरच्या दोनच लिवल्यात. तिला चार लागतेत."

अव्वा वळल्या नाहीत. तव्याकडंच तोंड करून मला म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं? चार कर." त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मी तिथंच, चुलीपुढं बसून, दोनाचे चार केले.

पुस्तक निघालं. त्याला शाईचा वास येत असे आणि दोन पानं उलटी चिकटली होती. पुडिंगं आणि कटलेटं किती घरांत झाली कोण जाणे, पण अव्वांच्या पानाला मात्र घराघरांत हळदीची बोटं लागली. पुढे आमची बदली झाली, परभणी सुटली. अव्वा गेल्या तेव्हा मला वेळेवर कळलंही नाही. आजही कुणी मला पदार्थ विचारला, तर 'घ्यावे' माझ्या तोंडातून निघत नाही. आधी विचारते, कुणासाठी करायचं आहे? अव्वांची ही सवय मला लागली आणि सुटली नाही. पण त्यांची आठवण आली, की डोळ्यांपुढं येतो तो पुस्तक पूर्णेला धाडल्यानंतरचा एक दिवस.

किती तरी आठवडे पूर्णेहून काहीच आलं नव्हतं. अव्वा रोज गाडीच्या वेळेला ओसरीवर येऊन बसत. मग एका सकाळी नंदाची मैत्रीण, रोज गाडीनं परभणीला येणारी एक बाई, दारात आली आणि पितळी डबा ठेवून गेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. कागद यायचा नाही असं ठरलेलं होतं, ते नंदानंही पाळलं होतं. डब्यात सुशीला होता, वाफेनं गिचगिचीत झालेला. आप्पा दुकानात निघाले होते. त्यांनी डब्याकडं पाहिलं. त्या घरचं अन्न. अव्वा भिंतीला टेकून उभ्या होत्या; त्यांनी वाढायला हात पुढं केला नाही. आप्पांनी पायातल्या वहाणा काढल्या, आत येऊन स्वतःच पाट ओढला आणि डबा जवळ घेतला. "मीठ जास्त पडलंय," एवढंच म्हणाले, आणि संपवला.

मग पंचाईत उभी राहिली. आमच्याकडं कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. अव्वांनी तो घासून लख्ख केला आणि भरायला बसल्या. आधी धपाटे ठेवले, ते काढून लाडू ठेवले, लाडू काढून येसर भरलं. शेवटी येसराच्या पुरचुंडीवर धपाटे दाबून बसवले. "आता हे न्यायचं कुनी?" त्यांनी मला विचारलं, पण ऐकू जावं तिथं ते गेलं. आप्पा दोरीवरची टोपी काढत म्हणाले, "मी जातो. पूर्नेला काम हाय माझं." पूर्णेत त्यांचं कसलंही काम नव्हतं. ते डबा काखेत मारून स्टेशनकडं निघाले आणि अव्वांनी दिवसभर चुलीला हात लावला नाही.

आप्पा संध्याकाळच्या गाडीनं आले. हात मोकळे होते. अव्वांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. पोरगी कशी आहे, घर कसं आहे, रडली का, काही विचारलं नाही.

"डबा कुटं हाय?" त्या म्हणाल्या.

आप्पांनी सावकाश पाय धुतले, पंच्यानं तोंड पुसलं.

"ठेवून आलो," ते म्हणाले. "सोमवारी घेऊन यायलेत. नंदा आन जावई."