आजारी पडलो की बघू

तिसगावचा हा टेम्पोवाला नगरच्या आमच्या एचआयव्ही उपचार केंद्रात यायचा तो हसतच. गोळ्या सुरू करा म्हटलं की दंड दाखवायचा. “मला काय धाड भरलीय, मॅडम? कांद्याचं पोतं एकटा उचलतोय. आजारी पडलो की बघू.” आजाराची वाट बघायची नसते, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

एकदा तो नुकतीच लागण कळलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरला हाताला धरून घेऊन आला. त्याला दटावत होता, “आजच गोळी चालू कर. थांबलास तर मरशील!”

माझं डोकंच फिरलं. “आणि तुम्ही?”

“त्याला बायकोपोरं हायत. माझ्यामागं कोन हाय?”

“मग मी इतके महिने कोणासाठी ओरडतेय?” मी खेकसले.

तो टेबलावरच्या गोळ्यांच्या डबीकडं हात करत म्हणाला, “पानी द्या थोडं.”