धुरपताबाईंचं एरंडेल

धुरपताबाई, तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच. हयात होतात तेव्हाही तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि आता तर पत्ताही उरला नाही. तरी एकदा विचारल्यावाचून राहवत नाही. पोटची लेक कळांनी तळमळते आहे, तिला न्यायला दारात जीप उभी आहे, आणि तुम्ही एरंडेलाची बुधली घेऊन चाकांपाशी बसता? अहो, कुणाला विचारावं, निदान सांगावं तरी! त्या दुपारचं नाव काढलं की आजही छातीत धस्स होतं. तुम्ही म्हणाला असतात, ‘जाऊ दे नं वं, झालं थे झालं.’ मुळीच जाऊ द्यायचं नाही. ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांनाही कळू दे तुम्ही काय चीज होता ते.

धुरपता मूळची कारंज्याकडची. केळझरपासून दोन कोसांवरच्या खेड्यात, नत्थूजींच्या घरी ती नवरी होऊन आली. आल्या दिवशी नव्या नवऱ्या मान खाली घालून बसतात. हिनं मान वर केली आणि सासूला विचारलं, “आत्याबाई, हे दार काऊन रडून राह्यलं?” दुसऱ्या दिवशी ते दार रडायचं थांबलं. मग विहिरीवरची कप्पी, मग पाळण्याच्या कड्या, मग जातं. बांधावरच्या एरंड्या ती स्वतः भाजायची, कुटायची, उकळून तेल काढायची आणि बुधली कोनाड्यात देवाशेजारी ठेवायची. बैलगाडीच्या कण्याला वंगण घालणं हे पुरुषाचं काम. पण नत्थूजींच्या गाडीला तीच घालायची, कारण नत्थूजी ‘उद्या घालू’ म्हणणारे. गावात कुणाची गाडी कुरकुरत गेली की ही अंगणातून ओरडायची, “कोनाची हाय वं ही? बैलाईची कीव नाई का?” लोक चिडवायचे, “धुरपताच्या घरची मांजर पण पायाले तेल लावून चालते.”

तिचं शास्त्र सरळ होतं. वस्तू ओरडते म्हणजे तिला दुखतं. दुखतं तर तेल लावा. या शास्त्रानं तिचा संसार पंचवीस-तीस वर्षं बिनआवाज चालला, तेव्हा त्यात खोट असेल असं तिला का वाटावं?

त्यांच्या शेताला लागून वर्ध्याचे वकील मधुकरराव यांची जमीन आणि सुटीत राहायची बंगली होती. वकिलांनी लढाईनंतर लिलावात निघालेली एक जुनी लष्करी जीप घेतली होती. तिचा ब्रेक दाबला की ती अशी किंकाळी फोडायची की गोठ्यातली जनावरं दावी ताणायची. ब्रेकचे पट्टे झिजलेत, नवे नागपूरहून यायचेत, तोवर जपून चालवा, असं मिस्त्रीनं सांगितलं होतं. वकिलांची मुलगी इंदिरा नागपूरला कॉलेजात होती. सुटीत ती ही जीप पळवायची. लुगड्यातली पोर मोटार हाकते याचं गावाला कौतुक होतं, धुरपतेलाही होतं. पण त्या किंकाळीनं तिच्या अंगावर काटा यायचा.

“वकीलसायेब, तेल घाला न जी तिले,” ती एकदा म्हणाली.

वकील हसले. “बघू,” म्हणाले आणि गेले. मोटारीच्या ब्रेकला तेल घालायचं नसतं हे सांगायला किती वेळ लागला असता? पण नाही. शिकलेल्या माणसांना हसणं पुरतं.

चोपन्न सालचा मार्गशीर्ष. धुरपतेची लेक भागीरथा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आदल्या दिवसापासून कळा येत होत्या, मूल काही सरकेना. दुपारी सुईण तानाबाई बाहेर आली आणि हात पुसत म्हणाली, “धुरपता, मह्या हातचं नाई हे. पोट्टं आडवं हाय. सेवाग्रामच्या दवाखान्यात न्या, नाईतं दोघंई जातीन.”

नत्थूजी शेतातून धावत वकिलांच्या बंगलीवर गेले. वकील कोर्टाच्या कामानं बाहेरगावी; इंदिरा एकटी होती. तिनं एक शब्द न विचारता जीप काढली. दारापुढे ब्रेक दाबला, जीप किंचाळली, आणि त्याच क्षणी आत भागीरथा किंचाळली.

धुरपता दोन्हींच्या मध्ये उंबऱ्यात उभी होती. एक किंकाळी थांबवणं तिच्या हातात नव्हतं. दुसरी होती, असं तिला वाटलं. घरातली माणसं जीपमध्ये कडबा पसरून वर गोधडी टाकत होती, लेकीला उचलत होती, इंदिरा पाणी पीत होती. तेवढ्यात हिनं कोनाड्यातली बुधली आणली, लुगडं खोचलं आणि चाकांच्या मागे वाकली. आवाज जिथून येतो असं वाटलं त्या आतल्या फटीत धार सोडली. चारही चाकांना, अगदी मन लावून. बुधली रिकामी झाली तेव्हा तिला जरा बरं वाटलं. लेकीसाठी काहीतरी करता आलं.

जीप निघाली. मागे भागीरथा, तिचं डोकं धुरपतेच्या मांडीवर, पायांशी तानाबाई. नत्थूजी बैलगाडीनं मागून येणार होते. गाडीवाट चढाची आणि भुसभुशीत, त्यामुळे ब्रेकची गरजच पडली नाही. मग नाल्याचा उतार आला. खाली जिनिंगला निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग नाला ओलांडत होती. इंदिरेनं ब्रेकवर पाय दिला.

जीप हूं की चूं न करता तशीच पुढे.

तिनं पुन्हा पाय दिला, सगळं वजन टाकून. काही नाही. मागून धुरपतेचा आवाज आला, समाधानानं भरलेला. “पाह्यलं का इंदू? वरडली का? म्या तेल घातलं तिले.”

 शेवटच्या गाडीवर कापूस भरलेल्या बोद्यांना टेकून बसलेल्या माणसानं मागे वळून पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. इंदिरेनं स्टिअरिंगचं चाक गर्रकन वळवलं. जीप गाडीच्या बाजूनं, बैलाच्या शेपटीला वारा घालत निघाली, नाल्यातल्या कोरड्या रेतीत शिरली आणि नाक खुपसून बसली.

मागे सगळ्या एकमेकींवर कोसळल्या होत्या. भागीरथा कण्हत होती, म्हणजे जिवंत होती.

इंदिरा खाली उतरली. चाकातून थेंब गळत होते. बोट लावून तिनं वास घेतला. “धुरपताबाई, कुठे कुठे घातलंत?”

“चारई चाकाईले. काऊन वं?”

“काऊन? अहो, ब्रेक धरतो तो घासून धरतो! तेल घातल्यावर घासणार काय, कपाळ? मारलं असतंत तुम्ही लेकीला. आम्हा सगळ्यांना!”

धुरपतेनं मांडीवरच्या लेकीकडे पाहिलं. मग चाकाकडे. तिचा चेहरा राखेसारखा झाला. “तेलानं?” ती म्हणाली. “तेलानं मरते का कोनी?”

गाडीवान मंडळी धावली. त्यांनी बैलांची एक जोडी सोडून जीपच्या मागच्या बाजूला जुंपली. त्यातला एकजण मिस्कील होता. “बाई, जीपले बैल तं लावले. आता थोडं वंगणई देऊ का?”

“दिलंय,” इंदिरा दात आवळून म्हणाली.

तो हसला. धुरपतेनं पदर तोंडात कोंबला.

जीप रेतीतून निघाली तसा खरा प्रश्न उभा राहिला. पुढे केळझर, सेलू, वर्धा, मग सेवाग्राम. बैलगाडीनं रात्र झाली असती, आणि तानाबाई मान हलवत होती: तेवढा वेळ नाही. इंदिरेनं सांगून टाकलं, “हातब्रेक चाकांवर नाही, त्याला तेल लागलेलं नाही; तो अर्धामुर्धा धरतो. खालच्या गिअरमध्ये नेईन. पण कुणी आडवं आलं तर थांबायची नाही. आणि हॉर्न मेलेला आहे. बोला, काय करायचं?”

“चाल,” धुरपता म्हणाली. लेकीचं डोकं तिनं तानाबाईच्या मांडीवर दिलं आणि स्वतः पुढे येऊन इंदिरेशेजारी उभी राहिली, काचेची चौकट दोन्ही हातांनी धरून.

तिथून सेवाग्रामपर्यंत त्या बाईनं जो आवाज लावला! “सरका वो बाप्पा! थांबत नाई हे! म्हातारे, पोट्टं उचल! गाय हान बे, गाय हान!” केळझरात माणसं ओट्यांवर चढली. सेलूच्या बाजारात भाजीवाल्या पाट्या टाकून पळाल्या. एका शिपायानं हात दाखवला, तर ती त्याच्यावर ओरडली, “हात कायले दाखवतं? पाय उचल!” पदर डोक्यावरून गेला, केस सुटले, घसा फुटला. इंदिरेच्या डोळ्यांपुढे फक्त रस्ता होता आणि कानात तो आवाज. घाबरायलाही तिला सवड मिळाली नाही.

दवाखान्याजवळ इंजिन बंद करून, हातब्रेक ओढून, कुंपणाच्या काट्यात जीप घुसवली तेव्हा ती थांबली. भागीरथेला आत नेलं. दिवेलागणीला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या: मुलगी झाली, निळी पडली होती, पण रडली. आई वाचेल.

धुरपतेचा आवाज पुरता बसला होता. तिनं फक्त हात जोडले, आणि तशीच भिंतीला टेकून खाली बसली. हुंदका नाही, डोळ्यांत पाणी नाही. आपल्या दोन तळव्यांकडे ती बघत राहिली, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

दोन दिवसांनी घसा सुटला. इंदिरा डबा घेऊन गेली होती. नातीचं कौतुक बाजूला ठेवून धुरपतेनं विचारलं, “इंदू, थे चाक वरडत होतं तं त्याले दुखत नव्हतं?”

“नव्हतं. काम करत होतं ते.”

“मंग मले कसं समजावं? कोनतं दुखून वरडते अन् कोनतं कामानं वरडते?”

इंदिरेनं डबा खाली ठेवला. ती म्हणाली, “चाक उघडून दाखवते तुम्हाला. आत काय असतं ते पाहा, म्हणजे कळेल.”

“दाखवजो. मह्या डोयानं पाह्यल्याबिगर मले पटनार नाई.”

मिस्त्रीनं वर्ध्याला चाकं उघडली तेव्हा धुरपता लेकीपाशी दवाखान्यात होती, आणि त्यानं पट्टे बदलून लगेच बंद केली. मग इंदिरेची परीक्षा आली. मग तिचं लग्न झालं, वकिलांनी जीप विकली. पुढे कधी ती माहेरी आली की धुरपता बांधावरून हाक मारायची, “इंदू, चाक पाहाचं राह्यलं वं!” आणि इंदिरा म्हणायची, येत्या खेपेला नक्की, वर्ध्याला मिस्त्रीकडे दोघी मिळून जाऊ. धुरपता एकदा लुगडं बदलून, वेणी घालून वाट पाहत बसली होती म्हणे. त्या दिवशी इंदिरेला पाहुण्यांकडे जेवायला जावं लागलं. चाक पाहायचं राहूनच गेलं, धुरपताबाई.