घागरीच्या बुडातली पानवेल

सोनबाबद्दल लिहिण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. पण गेल्या महिन्यात त्याला जी धास्ती लागली होती, ती मी शेजारी बसून पाहिली. म्हणून लिहून बघतो.

सोनबा आमच्या लोणीचाच. जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन माळशेजच्या घाटानं कोकणात उतरायचा आणि पाऊस तोंडावर आला की परतायचा. वाटेवरचे शेतकरी त्याला अडवून धरत. त्याच्या मेंढ्या रात्री रानात बसल्या की पुढं खताची काळजी नको. गुडघे गेले तेव्हा कळप विकला आणि सोनबा आयुष्यात पहिल्यांदा स्लॅबच्या घरात, पंख्याखाली बसून राहिला. मुलगा गोरख पिकअप चालवतो, तो बहुतेक रस्त्यावरच असतो. घरात सोनबा आणि सून इंद्रायणी. ती घाटाजवळच्या मढ गावची. सासऱ्याला मामा म्हणते.

इंद्रायणीची आई गेल्या वर्षी वारली. तिची पानवेल मोरीच्या पाण्यावर वाढलेली होती. भावानं नवं घर बांधायला काढलं, त्यात ती गेली. त्याआधी इंद्रायणीनं एक तुकडा फुटक्या घागरीच्या बुडात लावून इकडं आणला होता. आमच्याकडची हवा कोरडी, म्हणून वेल घरातच, स्वयंपाकघराच्या खिडकीशी ठेवलेली. चांगली गजापर्यंत चढली होती.

भावजयीच्या बाळंतपणासाठी इंद्रायणी मढला निघाली, तेव्हा म्हणाली, "मामा, आईच्या वर्षश्राद्धाला हिचीच दोन पानं विड्याला न्यायचीत. आदल्या दिवशी येते मी. तवर बघा. भांडं लहान पडायला लागलंय, ते आल्यावर बदलू."

सोनबाला वाटलं, सून यायच्या आत आपणच बदलून ठेवावं. रंगाचा रिकामा डबा धुतला. त्याला भोक पाडलं नाही, फरशीवर पाणी नको म्हणून. गावातल्या नातेवाइकांच्या वाघरातून, म्हणजे मेंढ्या कोंडतात त्या जाळीतून, ताजी लेंडी आणून निम्मा डबा भरला. मुळांची माती धुऊन काढली, वेल लावली आणि कांद्याचं रोप दाबतात तशी वरची माती मुठीनं दाबली.

मला हाक मारून दाखवलं. "गेणभाऊ, आता बघ कशी पळती ती!"

वेल पळाली नाही. शेंड्याला सुईसारखं गुंडाळलेलं कोवळं पान होतं, ते उलगडेना. सोनबानं भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. शेंडा रेघेवरच. मग त्यानं पाणी वाढवलं. उजेड कमी पडतो म्हणून डबा बाहेरच्या ओट्यावर उन्हात नेला, तर एका पानाची कड करपली. परत आत आणला. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली.

इंद्रायणीचा फोन रोज यायचा. "मामा, जेवला का? वेल कशीय?"

"हाय की. झ्याक हाय," असं म्हणून सोनबा फोन ठेवायचा आणि माझ्याकडं बघायचा.

"अरे, सांगून टाक की," मी म्हणालो.

"काय सांगू? आईची एकच वस्तू व्हती तिच्यापाशी, ती मी खाल्ली म्हनून सांगू? मेंढरू आजारी पडलं तर वरडतं, चारा टाकतं. ह्ये तोंडच उघडत न्हाई."

जेवण त्याचं निम्म्यावर आलं होतं. मलाही झाडातलं कळत नाही. तरी काहीतरी करायचं म्हणून मी मातीत बोट घातलं. वर कोरडी, खाली चिखल, आणि चिखल कोमट लागला. तसं सांगितल्यावर सोनबानंही बोट घातलं आणि नाकाशी नेलं.

"वाघरातली वाफ हाय ही," तो म्हणाला. "आरं, मेंढ्या बसवल्या म्हनून दुसऱ्या दिवशी कुनी पेरतं का? नांगरट व्हती, पाऊस पडतो, रान निवतं, मग पेरत्यात. आन मी हितं डब्यात कोंडून शिजवली तिला."

वेल बाहेर काढली. मुळं काळी, बोटानं ओढली की साल हातात येत होती. आत थोडी पांढरी होती. काळी कापून टाकली. घागरीचं बूड परसात कोंबड्यांच्या पाण्याला ठेवलेलं होतं. कोंबड्यांनी ते कधीच सोडून दिलं होतं, कारण तडकलेल्या बुडातून पाणी झिरपून जायचं. ते पाहून सोनबा म्हणाला, "घ्या! म्हनून जगली व्हती व्हय!" तेच भांडं, तांबडी माती, ओढ्याची वाळू. वेल पुन्हा खिडकीशी गेली, भिंतीवर सोनबाची नवी रेघ आली. पण शेंडा काही हलला नाही.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी इंद्रायणी आली. तिनं चपला काढायच्या आतच सोनबानं सगळं सांगितलं. डबा, लेंडी, फोनवरचं खोटं, सगळं. मी दारातच उभा. मला जावं की थांबावं कळेना.

ती तडक आत गेली. वेलीपाशी जाऊन बसली. धड पानं दोनच उरली होती.

"तोड, पोरी," सोनबा म्हणाला. "तेवढ्यासाठीच आलीस तू."

तिनं एका पानाला हात लावला. बराच वेळ लावूनच ठेवला. "मुळ्या किती हायेत खाली?"

"थोड्याच."

"मग पानंबी काढली तर ती जगंल कशावर?" तिनं हात काढून घेतला. "आईला बाजारची पानं चालत्याल. तिला वेल गेलेली न्हाई चालायची." डोळे पुसून म्हणाली, "आन मामा, ह्यापुढं लेंडी शेतात."

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या एसटीनं ती श्राद्धाला मढला गेली, पुढं भावजयीपाशीच राहायला. जाताना वेल सोनबाच्याच हवाली केली. रोज बोट घालून बघायचं, ओलं लागलं तर पाणी नाही, एवढंच सांगितलं.

उजाडायला सोनबाचा मला फोन. "गेणभाऊ, चहा हितंच घे. बोट घालायला ये. मला ओलंबी लागतंय आन कोरडंबी. माझ्या बोटाचा काय भरवसा न्हाई."

तेव्हापासून रोज सकाळी जातो. कोवळं पान अजून मिटलेलंच आहे. पण कालपासून ते सोनबाच्या रेघेच्या किंचित वर दिसतं. निदान आम्हा दोघांना तसं वाटतं. इंद्रायणीला अजून सांगितलेलं नाही.