दत्ताअण्णांचं गाऱ्हाणं

दत्ताअण्णांना कोणी "कसे आहात?" विचारलं, की ते समुद्राची अवस्था सांगत. "आज सुकती हाय," म्हणजे ओहोटी आहे, असं म्हणाले की दिवसभर ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडत. "भरती हाय" म्हणजे बरं चाललंय. उधाण आलं, तर ते सांगावं लागत नसे.

जयगडजवळच्या वाडीत ते आमचे शेजारी. मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते. बोटीवर त्यांचा शब्द शेवटचा. एका उधाणात त्यांची झोप उडाली आणि जयगडचं बंदर आपण विकत घेतल्याचं जाहीर करून ते नोकऱ्या वाटू लागले. बोटीवरचे जुने सोबती सदूभाऊ जावयाचा अर्ज घेऊन हजर झाले. पुढे अण्णांना रत्नागिरीला रुग्णालयात ठेवावं लागलं. मनाचा आजार आहे, गोळ्या कायम घ्याव्या लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतल्यावर लोक बंदराच्या गोष्टीवरून हसत. अण्णाही हसत. "मी आजारी होतो. अर्ज घेऊन आला तो शाणा?"

गोळ्या ते ओटीवर बसून, सर्वांदेखत घेत. "आत या, लोक बघतायत," असं त्यांच्या पत्नी सुमनकाकू म्हणत.

"बघूदेत. चोरून घ्यायला ती दारू हाय काय?"

शिमग्यात पालखीपुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान अण्णांच्या घराण्याचा. वाडीच्या वतीने एकाने देवाकडे मागायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. देवापुढे दिलेला हा होकार मागे घेता येत नाही. त्या वर्षी बैठकीत सदूभाऊ म्हणाले, "डोक्याच्या गोळ्या खाणाऱ्याचं गाऱ्हाणं देव आयकल काय? यंदा त्याचा पुतण्या बोलूदे."

अण्णांचा चेहरा उतरला. बंदर गेल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. हा मान गेला असता, तर वाडीने त्यांना कायमचं वेडं ठरवलं असतं.

"सदू, तू साखरेच्या आजाराची गोळी खाऊन देवाला नारळ देतोस. देवानं कधी परत केलान?"

बैठक हसली. मान राहिला.

त्या दिवसांत सदूभाऊंची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी होती. बाळ झाल्यापासून ती झोपत नव्हती, बाळाकडे बघत नव्हती. घरात भगताचा अंगारा सुरू होता. वाडीला हे ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं.

पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली. अण्णांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, दर्यावर गेलेल्याला सुखरूप आण!"

"होय म्हाराजा!"

"मुंबईच्या चाकरमान्याला यश दे!"

"होय म्हाराजा!"

"ज्याच्या घरात कोण झोपत नाय, नुसता रडतो, त्याला अंगाऱ्याबरोबर डॉक्टरची वाट दाखव!"

"होय म्हाराजा!"

सर्वांत मोठा आवाज सदूभाऊंचा होता. सवयीने निघालेला. त्यांचं तोंड नंतर बराच वेळ उघडंच राहिलं.

सकाळी ते अण्णांच्या अंगणात उभे होते. "फसवलास तांडेला. देवापुढं होय बोललो मी."

"मग चल. एसटी चुकल. पोरीला गरम कायतरी घालायला सांग."

मुलगी बरी व्हायला काही महिने लागले. रत्नागिरीच्या प्रत्येक फेरीला अण्णा सोबत गेले आणि एसटीत शेजारी बसेल त्याला स्वतःचा आजार तपशीलवार सांगत राहिले. सदूभाऊ खिडकीबाहेर बघत.

अण्णा गेल्या वर्षी हृदयविकाराने गेले. यंदा गाऱ्हाणं पुतण्याने घातलं. तो घाबरला होता. दर्या, मुंबई, पाऊस, भात असं सगळं मागून त्याने हात खाली घेतले.

गर्दीतून सदूभाऊ ओरडले, "अरे, डॉक्टर राहिला!"

पुतण्याने तोंड उघडण्याआधीच वाडी म्हणाली, "होय म्हाराजा!"