तीन घरं खाली

आमच्या दादाचा आवाज फाटायला लागला होता. घरात सगळ्यांना ते कळत होतं, पण बोलायची कुणाची छाती नव्हती. वैनगंगेकाठच्या आमच्या गावात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात नायिका व्हायचा तो दादाच, बारा वर्षं. गावाची रीत अशी, की मंडईच्या आधी भरदुपारी देवळासमोर तालीम व्हायची आणि ज्याचं गाणं मधेच तुटलं, त्याचं पात्र तिथल्या तिथे दुसऱ्याला. रडून-भांडून उपयोग नाही. एरवी दादा तळ्यात जाळं टाकणारा साधा ढीवर. ते पात्र गेलं असतं तर माणूस खचलाच असता.

मी तेव्हा बल्लारशाला लाकडाच्या डेपोत कामाला होतो. शेजारी रेल्वेचा एक म्हातारा ड्रायव्हर राहायचा, त्याच्याकडे गिटार होती. मी पेटीवर वाढलेला, आणि अंगात शहाणपणा नको तेवढा. शिकायला लागलो त्याच महिन्यात त्यानं चार बोटं दाबून एक कॉर्ड, म्हणजे चार सूर एकदम, वाजवली. छ्या! दाताखाली खडा यावा तसं झालं. गिटार बेसूर झाली असं मी ठरवूनच टाकलं, आणि तो चहा ठेवायला आत गेल्याबरोबर खुंटी पिळली. तार तटकन तुटली. ती तार कलकत्त्याहून मागवावी लागायची.

"गधे, सूर बराबर था!" म्हातारा ओरडला. "वो डिमिनिश्ड है. उसको ऐसाच होना मंगता."

दुसरा कुणी असता तर त्यानं हाकलून दिलं असतं. त्यानं उरलेल्या पाच तारांवर मला तीच कॉर्ड शिकवली. त्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. चार सूर, एकमेकांपासून सारख्याच अंतरावर. हात दांडीवर तीन घरं सरकवला की तेच चार सूर परत, फक्त जागा बदलून. त्यामुळे यात सा कुठला, हे कानाला कळतच नाही. कान बेचैन होतो, आणि त्या बेचैनीतून चार निराळ्या पट्ट्यांत उतरता येतं. मी म्हटलं, असल्या बिनघरच्या सुरांचं करायचं काय?

त्या वर्षी आमचे पेटीमास्तर हिवतापानं पडले आणि त्यांच्या जागी तालमीला मी म्हाताऱ्या ड्रायव्हरची गिटार मागून आणून बसलो. "काऊन रे, सतारीले जलोदर झाला का?" म्हणून लोक खिदळत होते. मला असा राग आला! पण मी तारा जुळवत राहिलो.

पहिलं कडवं दादा छान गायला. दुसऱ्यात सूर चढतो. त्याच्या अलीकडे तो दम घ्यायला थांबला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. पुरात आमचा डोंगा उलटला होता तेव्हाही मी त्याला इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मी डिमिनिश्ड दाबली. तिथून तीन घरं खाली, आणखी तीन. लोकांना वाटलं, नायिकेवर आता काहीतरी संकट येणार. आणि त्या कॉर्डमधूनच मी सगळं गाणं तीन घरं खालच्या पट्टीत उतरवलं. दादा क्षणभर चाचपडला, मग त्यानं सूर धरला. कडवं शेवटपर्यंत गायला, न तुटता. म्हाताऱ्या मंडळींनी माना डोलावल्या आणि पात्र त्याच्याकडेच राहिलं. मी काय केलं ते कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

घरी जेवायला बसलो. मरळ माशाचा मोठा तुकडा वहिनीनं नेहमीप्रमाणे दादाला वाढला. त्यानं तो उचलून माझ्या भातावर ठेवला.

"काऊन?" वहिनी म्हणाली.

"मले आता वर जाता येत नाई," दादा म्हणाला. "आज यानं माह्यासाठी गाणं खाली आणलं."