तिन्हीसांजेचं दार

माणसाचं भान हलवलं की त्याचं दुःखही जागचं हलतं, या एका समजुतीवर मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून सव्वीस वर्षं काढली. संमोहनाने लोकांना अर्धवट झोपेत नेऊन त्यांची भीती, त्यांची गेलेली माणसं मी त्यांच्यासमोर उभी करत असे. चेन्नईत नाव झालं आणि ते माझ्या डोक्यात गेलं. घरी बायको खंडोबाच्या तसबिरीला हात जोडायची, तेव्हा मी पेपर वाचत बसायचो.

मग कमलाबाई आल्या. शहराच्या कडेच्या अंबत्तूरच्या, आमच्याच तंजावरी मराठी घरांपैकी, शाळेत शिक्षिका. बारा वर्षांची मुलगी तापाने गेली होती. संमोहनाच्या चौथ्या बैठकीत ती त्यांना घराच्या दारात उभी दिसली. पुस्तकी पद्धतीप्रमाणे मी म्हणालो, "आता निरोप घ्या आणि दार लावा." त्यांनी लावलं. डोळे उघडले तेव्हा ते कोरडे होते. मला वाटलं, जिंकलो.

त्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडलं, बोलणंही सोडलं. "दोन घोट पाण्यापलीकडे काही घेत नाही हो, डॉक्टर," नवरा फोनवर सांगायचा. सलाइनवर जीव धरून ठेवला होता. आणखी दोन डॉक्टरांना दाखवलं, औषधं बदलली, सगळं वाया. एक बाई माझ्या हातून मरत होती आणि माझं काय चुकलं तेच मला कळत नव्हतं. मी रुग्ण घेणं बंद केलं.

एका संध्याकाळी दवाखान्याचं दार लावून मी एकटाच बसलो होतो. सांगायला लाज वाटत नाही, टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडलो आणि म्हणालो, "खंडोबा, मला काही येत नाही. तूच बघ."

थोड्या वेळाने दार धाडकन उघडलं. खाली रस्त्यावर मोगरा विकणारी बाई आत आली आणि तमिळमध्ये कडाडली, "दिवे लावायच्या वेळी दार लावून कोण बसतं? लक्ष्मीने यायचं कुठून?" टेबलावर गजरा टाकून ती निघून गेली.

मी सुन्न झालो. कमलाबाईंची बैठक नेमकी याच वेळी असायची. ज्या वेळी आमच्या घरांत कुणी दार लावत नाही, त्या वेळी मी एका आईला लेकीच्या तोंडावर दार लावायला सांगितलं होतं.

तसाच अंबत्तूरला गेलो. त्यांच्यासमोर जमिनीवर बसून म्हणालो, "कमलाबाई, दार तुम्ही नाही लावलंत. मी लावायला सांगितलं. चूक माझी." नवऱ्याला बाहेरचं दार सताड उघडायला सांगितलं. कमलाबाईंची मान दाराकडे वळली. मग त्यांनी हंबरडा फोडला.

"इतके दिवस ती बाहेरच उभी होती ना हो? उपाशी?"

नवऱ्याने दहीभात कालवून आणला. त्यांनी पहिला घास उंबऱ्यापाशी नेऊन ठेवला, दुसरा स्वतः खाल्ला.

त्या पूर्ण बऱ्या झालेल्या नाहीत, मीही नाही. फुलवालीला मी नंतर विचारलं, तर तिला काही आठवत नव्हतं. उलट, गजरा सुकवला म्हणून मलाच बोलली. तिला कुणी पाठवलं याचा खल मी करत नाही. ज्याने पाठवलं त्याचा मी ऋणी आहे. आता रुग्ण पुन्हा घेतो, पण प्रत्येक बैठकीआधी मी हात जोडतो आणि मला काही येत नाही, एवढंच त्याला सांगतो.