मागच्या शॉकअपचा नंबर

गाडी घेतली तेव्हा माझी कंबर चांगली होती. हे आधी सांगते, कारण पुढे आमच्या घरात असं बोललं जायचं की गाडी माझ्या कमरेसाठी घेतली.

आमचे मालक मोरिवलीजवळच्या एका केमिकल कंपनीत होते. नव्वद सालानंतर कंपनीने जुन्या माणसांना पैसे देऊन घरी बसवलं. आम्ही क्वार्टर सोडून बदलापूरला सोनिवलीच्या बाजूला ब्लॉक घेतला आणि उरलेल्यात एक जुनी छोटी गाडी घेतली. घरी बसवलेल्या माणसाला रोज सकाळी कुठेतरी जायचं असतं. मालक गाडीपाशी जायचे. ती पुसायचे, बॉनेट उघडायचे, आत बघायचे, बॉनेट लावायचे. जेवायला वर यायचे.

दुसऱ्या वर्षी पाण्याचं पिंप सरकवताना माझी कंबर गेली. डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या, मग अंगठ्याला काही कळेनासं झालं. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये हाडांचा डॉक्टर होता. तो म्हणाला, दर गुरुवारी या, वजन लावू. दिवाळीपर्यंत अंगठ्यात फरक पडला नाही तर मुंबईला ऑपरेशन. क्वार्टरमध्ये आमच्या खालच्या बाईचं असंच ऑपरेशन झालं होतं. ती चालत गेली आणि खाटेवर परत आली. मला ऑपरेशन नको होतं.

वजन लावायचं म्हणजे कमरेला पट्टा बांधून खाटेवर आडवं करायचे आणि पायाकडून वजनं लोंबकळत सोडायचे. तासाभराने उठले की खरंच हलकं वाटायचं. मग मी गाडीत बसायची. अंबरनाथच्या कंपन्यांचे टँकर त्या रस्त्यावरून जायचे, त्यांनी खड्डे केलेले. दोन खड्ड्यांच्या मध्ये जी जागा उरेल तिथे ज्याच्या त्याच्या दुकानापुढे ज्याचा त्याचा स्पीडब्रेकर. बदलापूर येईपर्यंत डॉक्टरने केलेलं सगळं गाडी मोडून टाकायची. लोकल होती, पण पुलाच्या पायऱ्या मला चढवत नव्हत्या.

मालकांना हे कळत नव्हतं असं नाही. मी वजनाला टांगलेली असायची तेव्हा ते मागच्या गल्लीत एका सिंधी मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये बसायचे. मे महिन्यात एका गुरुवारी मी लंगडत बाहेर आले तर गाडी जॅकवर.

"साई, जपान का माल है," मेकॅनिक सांगत होता. त्याच्याकडे सगळा माल जपानचाच असायचा. हात पुसायचं फडकंसुद्धा. "ये देखो, ऊपर बटन है. एक से आठ नंबर. एक पे मक्खन, आठ पे पत्थर. जैसा रोड, वैसा नंबर."

मालकांनी मला हाक मारली. "हे बघ, ॲडजस्टेबल शॉकअप. तुझ्यासाठी बसवतोय."

बॉनेटखाली दोन बाजूंना दोन लाल बटणं होती, गॅसच्या शेगडीच्या बटणाएवढी. मी म्हटलं, "बरं."

त्या दिवसापासून आमच्या घरात नंबर आला. मालकांचा कंपनीतला एक मित्र मोरिवलीचा. त्याच्या घरची शेती कंपन्यांत गेली, मग तो कंपनीत गेला, मग कंपनीने त्यालाही घरी बसवलं. त्यामुळे त्यालाही सकाळी कुठेतरी जायचं असायचं. तो आता दर गुरुवारी आमच्याबरोबर यायला लागला. पुढच्या सीटवर बसायचा, आणि डॅशबोर्डवर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला धरून ठेवायचा. पाणी सांडलं की गाडी थांबवायची, मालकांनी उतरायचं, बॉनेट उघडायचं, बटण फिरवायचं.

"आता कितीवर?"

"तीन."

"चारला जरा कडक होती. तीन बरा. लोण्यावानी चालली."

मी मागे. आमच्याकडे बाई मागे बसते. तिला कोणी सांगत नाही, ती गाडीपाशी गेली की हात मागच्याच दाराला जातो. पुढची सीट पुरुषाची, पाहुण्याची, जावयाची, आणि कोणीच नसेल तर पिशवीची.

एका खड्ड्यात माझं डोकं वर छताला लागलं. मी म्हटलं, "मागे हाडं मोडतायत."

मालकांनी मित्राकडे बघितलं. मित्राने पेल्याकडे बघितलं. पाणी होतं तसं होतं.

"पुढे काही लागत नाही," मालक म्हणाले. "तुझं दुखणं आहे म्हणून तुला वाटतं."

"वहिनी, धक्का आतमंदी बसलेला असतो," मित्राने समजावलं. "तो गाडीचा नसतो."

डॉक्टरनेही विचारलं होतं, येता कशाने? मी तोंड उघडायच्या आत मालकांनी गाडी सांगितली, शॉकअप सांगितले, आठ नंबर सांगितले. डॉक्टरकडे पण गाडी होती. त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, खड्ड्याला किती ठेवता? माझ्या पायात टाचणी टोचून बघायची राहिली. ती बाहेर आल्यावर आठवली, पण तोवर दुसरा पेशंट आत गेला होता.

पावसाळा असा गेला. दर आठवड्याला नंबर बदलला, माझा अंगठा बदलला नाही. दिवाळी जवळ येत होती. रात्री मोजलं तर झोप लागायची नाही, म्हणून सकाळीच मी मोजायची, किती गुरुवार उरले. मालकही काळजी करत होते, नाही म्हणत नाही. त्यांनी अडीच नंबर लागतो का तेही करून बघितलं.

गणपती झाल्यावर मालकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उल्हासनगरलाच. डोळ्यावर हिरवं फडकं लावलं आणि बजावून सोडलं, डोक्याला हादरा बसता कामा नये. गाडी चालवायला बदलापुरातलाच जावई आला. चांगला मुलगा आहे, बोलतो कमी. त्याने मागच्या सीटवर उशी ठेवली, सासऱ्यांना आडवं केलं आणि पुढचं दार उघडून म्हणाला, "आई, तुम्ही पुढे बसा. बाबांना मागे जागा लागेल."

मी बसले. त्या गाडीत तीन वर्षांत पहिल्यांदा मला पुढचा रस्ता दिसला.

पहिला स्पीडब्रेकर आला. मागून आवाज आला, "अहो, हळू."

"वीसवर आहे बाबा," जावई म्हणाला.

पुढे कंपन्यांचा रस्ता लागला. माझ्यापुढे डॅशबोर्डवर डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली उभी ठेवली होती, ती पडली नाही. मागे मात्र दाणदिशी काहीतरी आपटलं.

"जावईबापू, नंबर किती लावलाय?"

"तुम्हीच लावलेला आहे बाबा. दोन."

"दोन कसा असेल? हाडं मोडतायत इथे."

जावयाने माझ्याकडे बघितलं. मी मान न वळवता म्हटलं, "पुढे काही लागत नाही. तुमचं दुखणं आहे म्हणून तुम्हाला वाटतं."

घर येईपर्यंत ते उठून दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं, डोळ्याचं काम होतं म्हणून. बाकी नाही.

पुढच्या गुरुवारी माझ्या डॉक्टरच्या आधी जावयाने गाडी गॅरेजला नेली, मालकांच्याच सांगण्यावरून. मी म्हटलं, "पुढच्या चाकांना बटणं आहेत, मागच्यांना नाहीत का?"

"हैं ना भाभी. नीचे हैं." मेकॅनिक पाठीवर झोपला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली गेला. त्याचे फक्त पाय दिसत होते. "साई, आठ पे है."

"आठ पे किसने रखा?" मालकांनी विचारलं.

"आपने बोला. पीछे चावल का बोरी आता है, गाडी बैठना नहीं मंगता. मैंने पूछा था, बाद में कम करना है तो नीचे घुसना पडेगा. आपने बोला, कौन घुसेगा, रहने दो."

मुरबाडकडच्या गावाहून माझे दीर दर वर्षी तांदळाची दोन पोती देतात. दिवाळीनंतर, वर्षातून एकदा.

मी माझ्या हिंदीत म्हटलं, "बोरी साल में एक बार आता है. मैं हर गुरुवार को आती है."

मेकॅनिक गाडीखालूनच म्हणाला, "भाभी, मेरे को किसीने बोला नहीं पीछे लेडीज बैठेगी."

मालक हिरव्या फडक्याने झाकलेला डोळा चाचपत उभे होते. चार महिने दर आठवड्याला ते बॉनेट उघडत होते, कारण पुढची बटणं पांढऱ्या शर्टात फिरवता येतात. मागच्यांसाठी धुळीत झोपावं लागतं. त्यांनी मेकॅनिकला एवढंच सांगितलं, "दोन करो."

मी मात्र पुढेच बसले. मालकांचा डोळा उघडला, ते परत चालवायला लागले, तरी मी पुढेच. मोरिवलीचा मित्र पेला घेऊन आला तेव्हा दाराशी थबकला.

"वहिनी, मी कुठं बसू?"

"मागे बसा. आता दोनवर आहे."

तो बसला. पेला धरायला त्याला डॅशबोर्ड नव्हता, म्हणून मांडीवर धरला. पहिल्याच खड्ड्यात पँट भिजली. त्यानंतर गुरुवारी त्याला घरी कामं निघायला लागली.

दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी डॉक्टरने अंगठ्यात टाचणी टोचली. मी पाय मागे ओढला. त्याने परत टोचली, मी परत ओढला आणि म्हटलं, "आता पुरे." तो म्हणाला, "ऑपरेशन राहू दे. वजन अजून थोडे दिवस लावू."

मी वजनासाठी खाटेवर आडवी झाले. मालक डॉक्टरला सांगत होते, "मी म्हटलंच होतं, सस्पेन्शनने फरक पडतो." डॉक्टरने विचारलं, मागे किती ठेवलंय? मालकांनी सांगितलं, "दोन. मागचं महत्त्वाचं असतं."

दिवाळीनंतर दिरांचा निरोप आला, तांदूळ तयार आहे. मालक म्हणाले, "मागचे आठवर करून घेऊ, पोती आहेत."

मी म्हटलं, "करा. पण मेकॅनिककडे नाही जायचं. तुम्ही स्वतः खाली झोपा आणि फिरवा."

त्यांनी गाडीखालच्या जागेकडे बघितलं, मग आपल्या पोटाकडे. तांदूळ दोनवर आला. गाडी मागून जरा बसली, पण तांदळाला काही झालं नाही.